श्रद्धा संसाराच्या कामी कशी आणावी: बेळगाव भागातील ख्रिस्ती जोडप्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात ख्रिस्ती घरांतली सोयरीक जुळवताना मुलाकडचे "मुलगी उपासनेला नियमित येते ना?" असे विचारतात आणि मुलीकडचे "मुलगा मंडळीच्या कामात असतो ना?" असे विचारतात. प्रश्न गैर नाही, पण अपुरा आहे. गेली बारा-तेरा वर्षे मी आणि माझी पत्नी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या समाजात, लग्न ठरलेल्या जोडप्यांबरोबर बसतो. त्यांतली काही जण लग्नानंतर वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा आमच्या घरी येतात, बहुधा दिवेलागणीच्या वेळी आणि बहुधा एकेकटी. त्यांच्या बोलण्यातून एक गोष्ट वारंवार समोर आली आहे. एकही रविवार न चुकवणारा माणूस घरात अबोल आणि कडवट असू शकतो, आणि मागच्या बाकावर बसून आशीर्वाद होताच निघून जाणारे जोडपे एकमेकांशी कमालीचे प्रामाणिक असू शकते. भक्ती किती आहे यापेक्षा तिच्यातला किती वाटा जोडीदारापर्यंत पोहोचतो यावर संसारातले समाधान अवलंबून असते, असे आमचे मत झाले आहे. तो वाटा वाढवण्याची, आम्ही स्वतः करून पाहिलेली रीत पुढे मांडत आहे.

या मताला अभ्यासाचाही थोडा आधार आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात ॲनेट महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९७ जोडप्यांची पाहणी करून ती १९९९ साली प्रसिद्ध केली. पतिपत्नी मिळून प्रार्थना-उपासना करतात का, आणि आपला विवाह त्यांना पवित्र वाटतो का, असे त्यांनी विचारले होते. ज्यांच्याकडे या दोन्ही गोष्टी अधिक होत्या त्यांच्यात समाधान अधिक होते, भांडणे कमी होती आणि मतभेद झाल्यावर मिळून तोडगा काढण्याची वृत्तीही अधिक होती. प्रत्येकाची स्वतंत्र धार्मिकता मोजून जे कळत होते त्यापेक्षा या एकत्र करण्याच्या गोष्टींवरून अधिक कळत होते. अर्थात, मुळात समाधानी असलेली जोडपीच एकत्र प्रार्थनेला बसत असतील, असाही याचा अर्थ लावता येतो. शिवाय ओहायोतल्या त्या घरांत सासूबाई, धाकटे दीर आणि चौथ्या दिवशी येणारे नळाचे पाणी नसावे. म्हणून त्या आकड्यांवर विसंबून राहू नये, त्यांतून दिशा तेवढी घ्यावी.

आधी कागद घ्यावा

सुरुवात प्रार्थनेने करू नये, दोन कोऱ्या कागदांनी करावी. व्हर्जिनियातील मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनी धार्मिक निष्ठा मोजण्यासाठी २००३ साली दहा वाक्यांची एक मापपट्टी प्रसिद्ध केली. त्यातली सहा वाक्ये माणसाच्या आतल्या श्रद्धेविषयी आहेत आणि चार वाक्ये आपल्या धर्मबांधवांत मिसळण्याविषयी आहेत. श्रद्धेविषयीचे वाचन, दान, मंडळीतला सहवास, रोजच्या व्यवहारावर श्रद्धेचा पडणारा प्रभाव, असे विषय त्यांत येतात. ही मापपट्टी चांगली आहे, पण त्या दहा वाक्यांत जोडीदाराचा उल्लेख कुठेही नाही. दुसरीकडे, विवाहातले समाधान मोजण्यासाठी कॅन्ससमध्ये तयार झालेली एक मापपट्टी केवळ तीन प्रश्नांची आहे: आपल्या विवाहाविषयी, जोडीदाराविषयी आणि दोघांमधल्या नात्याविषयी तुम्ही किती समाधानी आहात. उत्तर एक ते सात या आकड्यांत द्यायचे असते.

पती आणि पत्नी यांनी वेगवेगळे बसून, एकमेकांच्या कागदाकडे न पाहता, ही तीन उत्तरे लिहावीत. त्याखाली आमच्या पदरचा एक प्रश्न लिहावा: या आठवड्यात माझ्या श्रद्धेमुळे माझ्या जोडीदाराचे कोणते काम हलके झाले? उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत काम करणारा एक तरुण, तरुण संघाचा अतिशय उत्साही कार्यकर्ता, या प्रश्नापुढे पंधरा-वीस मिनिटे पेन धरून बसला होता. शेवटी त्याने "पाणी भरले" असे लिहिले, आणि पुढे कंसात, प्रामाणिकपणे, "आईने सांगितले म्हणून" अशी भर घातली. आम्हाला तो कागद फार मोलाचा वाटला.

कागद त्याच दिवशी एकमेकांना दाखवण्याची घाई करू नये. तीन-चार दिवस जाऊ द्यावेत, मग निवांत वेळ पाहून अदलाबदल करावी, आणि वाचून झाल्यावर लगेच स्पष्टीकरण देऊ नये. "तू मला चारच का दिलेस?" हा प्रश्न त्या रात्री विचारला तर पुढच्या वेळी प्रामाणिक आकडा मिळणार नाही.

दहा मिनिटांची प्रार्थना

कुटुंब प्रार्थना आपल्याकडे नवी नाही. जुन्या घरांत रात्रीच्या जेवणाआधी चटई अंथरली जाई, आजोबा अध्याय वाचत, एक भजन होई आणि लहान मुले आमेन होईपर्यंत पेंगत. कॅथलिक घरांत हीच जागा जपमाळेची असते. ती परंपरा उत्तमच आहे, पण नवरा-बायकोच्या नात्यासाठी तेवढी पुरत नाही, कारण त्या चटईवर वडीलधारे बोलतात आणि बाकीचे ऐकतात. घरात कुटुंब प्रार्थना होत असेल तर ती चालू ठेवावी आणि तिच्याशिवाय दोघांची म्हणून दहा मिनिटे वेगळी काढावीत. सासू-सासऱ्यांना वगळल्यासारखे वाटेल अशी भीती असेल तर पतीने आधी आईला सरळ सांगावे. हे काम सुनेवर सोडू नये. माणसाने आईबापांना सोडून आपल्या स्त्रीशी जडून राहावे असे बायबलातल्या उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पुरुषाला उद्देशून म्हटले आहे, ही गोष्ट अशा वेळी आठवायला हरकत नाही.

वेळ कोणती निवडावी? जेव्हा दोघांपैकी कुणाच्याही हातात काम नसते, तीच वेळ योग्य. हे सांगण्यामागे माझी स्वतःची चूक आहे. आमच्या लग्नाला तिसरे वर्ष चालू होते. वडगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो आणि शेजारचे यंत्रमाग रात्री दहापर्यंत खडखडत असत. महिला मंडळाच्या सभेला पत्नी माझ्या आईबरोबर गेली नाही यावरून दुपारी आमची कुरबुर झाली होती. रात्री ती भाकरीचे पीठ मळत असताना मी तिला तशीच उठवून समोर बसवले, अध्याय वाचला, आणि डोळे मिटून खणखणीत आवाजात, "हे प्रभो, या घरातील स्त्रियांना नम्रता आणि आज्ञाधारकपणा दे," अशी विनंती केली. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा ती परातीकडे पाहत होती. ज्वारीचे पीठ वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. ती म्हणाली, "हे देवाला सांगितलंत की मला? मला सांगायचं होतं तर डोळे उघडून सांगायचं की." त्या रात्री थापताना एकेक भाकरी मोडत होती आणि मी ते तुकडे मुकाट्याने खाल्ले.

म्हणून पहिला नियम असा, की जोडीदारासाठी प्रार्थना करावी, जोडीदाराला ऐकवण्यासाठी करू नये. हा नियम पाळण्याचा सोपा उपाय म्हणजे डोळे मिटण्याआधी "उद्या तुझ्यासाठी काय मागू?" असे विचारणे. समोरून जे उत्तर येईल तेवढेच, त्याच शब्दांत, मागावे. "उद्या साहेबांची तपासणी आहे", "पाठ दुखतेय", "बहिणीचा फोन यायला पाहिजे", अशा साध्या गोष्टी पुढे येतात. लग्नाला सात-आठ वर्षे झालेल्या एका जोडप्यातील पतीला आपली पत्नी रोज शाळेत कोणत्या मुख्य चिंतेने जाते हे या प्रश्नामुळे पहिल्यांदा कळले. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातील फ्रँक फिंचम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत, जोडीदाराच्या भल्यासाठी प्रार्थना करणाऱ्यांमध्ये क्षमा करण्याची तयारी वाढलेली दिसली. त्या प्रयोगांत बहुतेक महाविद्यालयीन तरुण होते, विवाहित जोडपी नव्हती. तरीही, ज्याच्यासाठी आपण रोज काही मागतो त्याच्याविषयी मनात अढी धरून ठेवणे कठीण जाते, हे समजायला प्रयोगाची फारशी गरज नाही.

वाचन थोडे असावे. पौलाचे कलस्सैकरांस पत्र चार अध्यायांचे, ९५ वचनांचे आहे. रोज अर्धा अध्याय वाचला तर आठ दिवसांत संपते. रूथचे पुस्तकही चार अध्यायांचे, ८५ वचनांचे आहे, आणि त्यात सासू, सून, दुष्काळ, परगाव आणि शेतातली मजुरी असे सगळे आपल्या ओळखीचे असल्याने नव्या जोडप्यांना ते जवळचे वाटते. एके दिवशी पतीने वाचावे, दुसऱ्या दिवशी पत्नीने. वाचून झाल्यावर कुणीही प्रवचन करू नये. पती पाळक किंवा उपदेशक असेल तर हा नियम अधिकच कडक पाळावा.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाविषयी स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे लग्नातल्या उपदेशात आणि घरातल्या भांडणात सर्वाधिक वापरला जाणारा उतारा तोच आहे. स्त्रियांनी पतीच्या अधीन असावे हे बाविसावे वचन अनेकांना तोंडपाठ असते. वाचन मात्र एकविसाव्यापासून सुरू करावे, कारण तिथे एकमेकांच्या अधीन असा असे दोघांनाही सांगितले आहे. आणि ते पंचविसाव्यापर्यंत नक्की न्यावे, जिथे ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती पतीने करावी असे सांगितले आहे. यांतले कोणते ओझे जड आहे ते ज्याने त्याने तोलून पाहावे. आमच्या घरात आम्ही एक ठराव केला आहे: जोडीदाराच्या कर्तव्याविषयीचे वचन जोडीदाराला ऐकवायचे नाही. ज्याने त्याने आपापले वचन पाठ करावे. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली धर्म जगणारी माणसे आणि धर्म वापरणारी माणसे असा भेद मांडला होता. घरात हा भेद ओळखायचा असेल तर वचन कुणाच्या दिशेने रोखलेले आहे ते पाहावे.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे बसून भरपाई करू नये. पती गोव्यात वेर्ण्याला किंवा पुण्याकडे चाकणला कामाला असेल आणि शनिवारी रात्रीच्या बसने घरी येत असेल, तर आठवडाभर फोनवर दोन मिनिटे पुरेशी होतात, वाचन वगळावे, पण "उद्या काय मागू?" हा प्रश्न वगळू नये. रात्रपाळीच्या आठवड्यात हीच गोष्ट सकाळच्या चहाबरोबर होऊ शकते.

दोन भाषा, दोन मंडळ्या

आपल्या भागाचा इतिहासच असा आहे की एका घरात दोन चालीरीती येतात. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीने बेळगावात काम सुरू केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते मेथॉडिस्टांकडे गेले. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ साली स्थापन झाला. सीमेपलीकडे महाराष्ट्रात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या आहेत तर धारवाड-हुबळीच्या बाजूला चर्च ऑफ साउथ इंडियाच्या. त्यात अलीकडच्या स्वतंत्र मंडळ्यांची भर पडली आहे. गडहिंग्लजची मुलगी बेळगावात येते, बैलहोंगलची मुलगी खानापूरला येते, आणि पहिल्याच रविवारी उभे केव्हा राहायचे आणि बसायचे केव्हा येथपासून सगळे नवे असते.

प्रार्थनेच्या भाषेविषयी आग्रह धरू नये. जिचे बालपण कन्नड मंडळीत गेले ती मनातले बोलताना "तंदेये" अशीच हाक मारणार. तिला "हे स्वर्गीय पित्या" म्हणायला लावले तर ती पाठ केलेले बोलेल, मनातले बोलणार नाही. ज्याने त्याने आपल्या भाषेत प्रार्थना करावी. दुसऱ्याला सगळे शब्द कळले नाहीत तरी आमेन दोघांनाही कळते. सीमाप्रश्नाचा वाद देवघरात आणण्याचे काहीच कारण नाही. तो बाहेर पुरेसा चालू आहे. रविवारचे म्हणाल तर महिन्यातून एक रविवार पत्नीच्या माहेरच्या मंडळीसाठी किंवा तिच्या भाषेतील उपासनेसाठी ठेवावा, आणि हे लग्नाआधीच ठरवावे.

एक जण कॅथलिक आणि दुसरा प्रॉटेस्टंट असेल तर आणखी लवकर बोलावे लागते. कॅथलिक कायद्यानुसार अशा विवाहासाठी बिशपांच्या कचेरीतून परवानगी लागते. कॅथलिक पक्षाला मुलांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक मंडळीत व्हावे यासाठी आपल्याकडून सर्व प्रयत्न करीन असे वचन द्यावे लागते, आणि दुसऱ्या पक्षाला त्या वचनाची कल्पना दिली जाते. हॉल ठरवून, पत्रिका छापून झाल्यावर हा विषय निघाला की दोन्ही घरांत जे होते ते आम्ही दोनदा पाहिले आहे. तिसऱ्यांदा पाहण्याची इच्छा नाही.

अर्पणाचे पाकीट

पैशाविषयी लोक आमच्याशी बोलायला कचरतात, पण एकेकटे आले की सर्वाधिक तक्रारी पैशाच्याच असतात, आणि त्यांतल्या पुष्कळ तक्रारींचा संबंध मंडळीशी असतो. सुगीचा सण, ज्याला आपण हार्वेस्ट म्हणतो, त्या दिवशी लोक शेतातला माल, कोंबडी, केळीचा घड, घरी केलेला केक असे काहीबाही आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी एका गृहस्थाने चढाओढीत एक भोपळा बाराशे रुपयांना घेतला. टाळ्या झाल्या, पाळकांनी नाव घेऊन आशीर्वाद दिला. त्याची पत्नी माझ्या पत्नीच्या शेजारी बसली होती. स्त्रीशक्ती या बचत गटाचा हप्ता मंगळवारी भरायचा होता आणि तिने त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या भोपळ्यात गेले होते. ती काही बोलली नाही. तिने मांडीवरच्या मुलाची टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तो भोपळा तिने किती दिवस चिरला नाही ते मी इथे सांगत नाही.

दान देऊ नये असे मुळीच म्हणायचे नाही. दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, द्यायचा असेल तर तो दोघांनी मिळून, पगाराच्या दिवशी, बाकीच्या हिशेबाबरोबर ठरवावा, आणि पाकिटावर दोघांची नावे घालावीत. पत्नी कमावती असेल तर तिच्या मिळकतीचा दशमांश तिने ठरवावा, पतीने परस्पर जाहीर करू नये. लिलावाला जाण्याआधी कमाल आकडा घरी ठरवून निघावे. नव्या बांधकामासाठी, शिबिरासाठी किंवा पाहुण्या उपदेशकासाठी सभेत हात वर करून रक्कम बोलण्याची पद्धत काही मंडळ्यांत आहे. तिथे "घरी विचारून सांगतो" असे म्हणण्याची सवय पुरुषांनी लावून घ्यावी. हे वाक्य म्हणताना पहिल्यांदा कान गरम होतात, पुढे होत नाहीत. मार्काच्या सातव्या अध्यायात, आईबापांच्या वाट्याचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने दोष दिला आहे. बायकामुलांच्या वाट्याचे वाहून टाकणाऱ्यांनाही तो दोष लागू पडतो असे मला वाटते.

वेळेचेही असेच आहे. उपासना, संडे स्कूल, कमिटीची बैठक आणि संध्याकाळची कॉटेज मीटिंग, म्हणजे कुणाच्या तरी घरची प्रार्थनासभा, यांत पतीचा रविवार संपतो आणि पत्नीचा रविवार ओट्यापुढे संपतो. आठवड्यातून एक संध्याकाळ कमिटीला नाही म्हणावे. कमिटीच्या निवडणुकीच्या वर्षात हे जमत नाही, याची मला कल्पना आहे.

प्रभुभोजनाआधीचा शनिवार

बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, असतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, वेदीपाशी दान आणल्यावर आपल्याविरुद्ध भावाच्या मनात काही आहे असे आठवले तर दान तिथेच ठेवून आधी समेट करायला जा, असे सांगितले आहे. हे वचन आपण शेजारी, भाऊबंद आणि कमिटीतले विरोधक यांच्या बाबतीत लावतो, पण ज्या व्यक्तीच्या शेजारी उभे राहून भाकर घेतो तिच्या बाबतीत विसरतो. म्हणून आदल्या शनिवारची संध्याकाळ समेटासाठी राखून ठेवावी. प्रत्येकाने महिन्यातली आपली एक चूक, फक्त आपली, नाव घेऊन सांगावी. "माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर" हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात चूक कुठेच नाही. "तुझ्या भावासमोर मी तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, ते चुकलं" असे म्हणावे. ऐकणाऱ्याने लगेच क्षमा जाहीर करण्याची गरज नाही. "ऐकलं" एवढे म्हटले तरी पुरते. कॅथलिक जोडप्यांना पापनिवेदनाची सवय असते, पण फादरांना सांगून झाले म्हणजे पत्नीला सांगायचे राहिले तरी चालते असे समजू नये. या बैठकीत पैशाचा विषय आणू नये. दोन्ही एकत्र आले की दोन्ही बिघडतात.

उपासाविषयी थोडक्यात. दीर्घ उपास, रात्रभराची प्रार्थना, किंवा प्रार्थनेसाठी शरीरसंबंधापासून दूर राहणे या गोष्टी एकट्याने ठरवू नयेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात, प्रार्थनेसाठी असे दूर राहायचे तर ते परस्परसंमतीने आणि काही काळापुरतेच असावे, असे स्पष्ट सांगितले आहे. एकट्याने केलेला निश्चय जोडीदारावर परस्पर लादलेला असतो, मग तो कितीही पवित्र असो.

एक पुढे, एक मागे

दोघांची श्रद्धा एकाच वेगाने क्वचितच चालते. एकाला नव्याने जागृती येते, दुसरा आहे तिथेच असतो. किंवा एक ख्रिस्ती होतो आणि दुसरा होत नाही. मराठी ख्रिस्ती समाजात याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचे आहे. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा त्यानंतर सुमारे पाच वर्षांनी. मधल्या काळातली ताटातूट, सोवळे-ओवळे, स्वतःशी चाललेले वाद हे सगळे लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, आणि आपले मन बदलले ते विचाराअंती, असेच त्यांच्या लिहिण्यातून दिसते. टिळकांची भजने आपण दर रविवारी गातो. त्या पाच वर्षांची आठवणही ठेवावी.

पुढे असलेल्याने करायच्या गोष्टी थोड्या आहेत. जोडीदाराच्या न येण्याची तक्रार प्रार्थनासभेत विनंती म्हणून मांडू नये, कारण ती सोमवारपर्यंत सगळ्या गल्लीत पोहोचते. उपासनेहून परतल्यावर आल्या आल्या प्रवचनाचा सारांश सांगू नये. आधी हात धुऊन स्वयंपाकघरात जावे. मागे असलेल्यानेही सोबतीच्या श्रद्धेची थट्टा मुलांसमोर करू नये. जोडीदार विश्वास ठेवत नसला तरी तो राहण्यास राजी असेल तर त्याला सोडू नये, असे पौलानेही करिंथकरांना लिहिले आहे.

प्रार्थना पुरत नाही तेव्हा

घरात मारहाण होत असेल, जिवाला भय असेल, तर वर सांगितलेले काहीही करू नये. दहा मिनिटांची प्रार्थना नको, कागद नको, शनिवारची बैठक तर मुळीच नको, कारण अशा घरात पत्नीने कबूल केलेली चूक दुसऱ्या दिवशी तिच्याविरुद्ध वापरली जाते. आधी सुरक्षित जागी जावे. तातडीच्या वेळी ११२ या क्रमांकावर फोन करावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. ख्रिस्ती घटस्फोटाचा कायदा १८६९ चा असला तरी २००१ च्या दुरुस्तीनंतर क्रूरता हे कारण पती आणि पत्नी दोघांनाही सारखेच उपलब्ध आहे. कॅथलिक कायद्यातही जोडीदाराकडून गंभीर धोका असेल तर वेगळे राहण्याची मुभा आहे. वेगळे राहणे म्हणजे विश्वास सोडणे, असे कुणी सांगितले तर ते मानू नये.

हे इतके रोखठोक लिहिण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मंडळीत एक बाई हाताला सूज घेऊन वडिलांबरोबर आली असता, तिथल्या वडीलधाऱ्यांनी प्रार्थना करून, क्षमेची वचने वाचून, तिला त्याच संध्याकाळी सासरी परत पाठवले. त्या वडीलधाऱ्यांत मीही होतो. दोन महिन्यांनी ती इस्पितळात होती. तेव्हापासून आमच्याकडे कुणी आले की आम्ही आधी सूज कुठे आहे ते विचारतो, वचन नंतर. दारूचेही तसेच समजावे. नवऱ्याने दारू सोडावी म्हणून उपास करणाऱ्या स्त्रिया प्रत्येक मंडळीत आहेत; त्यांच्या उपासाबरोबर त्या नवऱ्याला व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे नेणारा एखादा पुरुष मंडळीने द्यावा.

चाळीस दिवसांनी

हे सगळे एकदम सुरू करू नये. उपवासकाळ ही चांगली संधी आहे. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत, रविवार वगळून, चाळीस दिवस मिळतात आणि त्या काळात मंडळीतले लग्नसमारंभही थांबलेले असतात, त्यामुळे संध्याकाळी घरी राहता येते. पहिले दोन आठवडे फक्त "उद्या तुझ्यासाठी काय मागू?" हा प्रश्न विचारावा. मग वाचन जोडावे. पगाराच्या दिवशी अर्पणाचे पाकीट मिळून भरावे. प्रभुभोजनाआधीचा शनिवार आला की आपापली एक चूक सांगावी. पहिल्या वेळी दोघेही भाजीत मीठ जास्त पडल्यासारखी किरकोळ चूक सांगतात, ते चालू द्यावे.

ईस्टरच्या आठवड्यात पुन्हा दोन कागद घेऊन तेच तीन आकडे आणि तोच एक प्रश्न लिहावा, आणि मगच जुने कागद शेजारी ठेवून पाहावेत. आकडे कधी कधी आधीपेक्षा कमी येतात. सहाचे पाच होतात. त्याने घाबरून जाऊ नये, कारण पहिल्या वेळचा सहा पुष्कळदा भिडेपोटी दिलेला असतो. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नीट वाचावे. आमच्या त्या फाउंड्रीतल्या तरुणाने दुसऱ्या वेळी पुन्हा "पाणी भरले" असेच लिहिले होते, फक्त यावेळी पुढे कंस नव्हता. कागद जपून ठेवावेत, पण बायबलात ठेवू नयेत. बायबल घरातले सगळेच उघडतात.